गंगा उत्तनला निघाली तेव्हा

ट्रंक एसटीच्या टपावर चढवून वडील खाली उतरले आणि म्हणाले, "सपाट मुलूख हाय तो. चढायची सवय मोडू नको." ऐंशीचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात अंगणातून रस्त्यावर यायचं तरी चढण. आमच्यातले जे मागे राहिले ते ती रोज चढतात. जे माझ्यासारखे निघाले, त्यांच्या पोटऱ्यांना ती अजून आठवत असेल.

भाईंदरला, नवघरात, दादाची एक खोली होती. तो जवळच्याच हाटकेश भागातल्या एका कारखान्यात कामाला. मला जवळच्या मराठी शाळेत पाचवीचा वर्ग मिळाला, तोही रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी. काम पाहून पुढचं ठरवू, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. नाहीतर परत गाव, आणि गावात आत्याने हेरून ठेवलेलं स्थळ. मला स्थळ नको होतं. मला तो वर्ग हवा होता, अगदी हट्टाने!

भूगोलात गंगेचं मैदान आलं. मैदान म्हटलं की पोरांना क्रिकेट आठवायचं. फळ्यावर कितीही रेघा मारल्या तरी त्यांचे डोळे खिडकीबाहेर, जिथे नवी बिल्डिंग उठत होती. मग म्हटलं, चला, बाहेरच जाऊ. वॉचमनला विचारलं, "भैया, दो घमेला रेती और थोडी मिट्टी चाहिए, गंगा बनानी है."

तो हसला. "ले जाओ मॅडम, घमेला वापस करना."

शाळेच्या अंगणात, उत्तरेच्या भिंतीशी विटांचा हिमालय रचला. त्यावर खडे, रेती, माती. पुढे उतार मी स्वतः हाताने थापला. पोरं तांब्यातांब्याने पाणी ओतू लागली. आधी खडे अडले, मग रेती, आणि बारीक गाळ पुढे जाऊन पसरला, सपाट बसला. "बघा, बघा! मैदान असं तयार होतं!" मी पोरांहून मोठ्याने ओरडत होते. पुस्तकात हजारदा वाचलेलं पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होते मीही. डोंगर झिजतो, नदी तो दूरवर वाटत जाते.

तेवढ्यात सुगंधा, नवघरच्या जुन्या गावातली पोर, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, ही गंगा उत्तनला चाललीय. तिथं माझी मावशी हाय, गंगा न्हाय!"

खरंच की! पाणी चाललं होतं पश्चिमेला, उत्तनच्या समुद्राकडे. आमच्याकडचे सगळे वहाळ मावळतीलाच जातात; उतार थापताना हात गावच्याच सवयीने चालला होता. मागे वळले तर दारात मुख्याध्यापक उभे. संपलं, बांधा ट्रंक!

पण पोरं थांबतात कुठली? "अडवा रे तिला!" म्हणत वर्ग मातीत उतरला. कोणी पाटीने बांध घातला, कोणी कोपराने माती उकरली, आणि गंगा डुलत डुलत पूर्वेला वळली. असा जल्लोष झाला की वरच्या वर्गातली मुलं खिडक्यांत गोळा झाली.

मुख्याध्यापक चिखल चुकवत जवळ आले. "बाई, उद्या माझ्या सातवीलाही दाखवा. उतार मात्र आधी तपासा," म्हणाले, आणि जाता जाता, "पुढच्या वर्षी पाचवी तुमच्याकडेच." मी चिखलाच्या हातांनीच तोंड झाकलं.

आज नवघरात ढीगभर रेती कुठे उघड्यावर दिसत नाही. जिथे तिथे टॉवर. तेव्हाची पोरं आता आपल्या पोरांना शाळेत सोडतात.

त्या पहिल्या मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेले होते. आमच्यात निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं. लहानपणापासून आई त्यावर टोकायची. त्या दिवशी आमसुलं बांधत असलेल्या आईला मी घाईघाईत म्हणाले, "आई, घरी जाते गो, शाळा उघडेल."

आईचे हात थांबले. मग तिने गाठ घट्ट मारली आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्या दिवशी तिने मला टोकलं नाही.