दुसऱ्या पाळण्यातली मुलगी

आमच्या घरात सिनेमाला जाणारी मी एकटीच. नवरा म्हणतो, टीव्हीवर आला की बघू, आणि टीव्हीवर आला की झोपतो. अमरावतीत जिच्याबरोबर मी प्रत्येक मोठा सिनेमा पहिल्याच आठवड्यात उरकायची, ती मैत्रीण मुलाकडे पुण्याला राहायला गेली. एकटीने सिनेमा बघता येतो. पण मध्यंतरात वाद कोणाशी घालायचा? म्हणून मी अकोल्याच्या थोरल्या बहिणीला तयार करायचं ठरवलं.

ताई सिनेमा बघते, पण कसा? हॉल थंड आहे, समोसा बरा आहे, कोणीतरी नेतंय, एवढं तिला पुरतं. नाव ती बाहेर पडल्यावर विचारते. आणि मी तिला नेणार होते एका गाजलेल्या राजेरजवाड्यांच्या सिनेमाच्या दुसऱ्या भागाला. पहिला तिने पाहिलेलाच नव्हता. माझ्या लेखी हे पुस्तक न उघडता परीक्षेला बसण्यासारखं होतं.

मी सकाळच्याच बसने अकोला गाठलं. ताईच्या घरचा फुलांचा मळा आहे. अंगणात झेंडूचा ढीग पडला होता, हार करायचे होते. मीही सुई-दोरा घेतला आणि पहिला भाग सांगायला बसले. अगदी मुद्देसूद. आधी घराणी, मग नाती, मग कोण कोणाचा वैरी. महालाला आग लागते, दाई बाळाला पाठीशी बांधून पळते, त्याची जुळी बहीण मात्र मागे राहते. तिला एक लोहार उचलून नेतो. इथे ताईचा हात थांबला.

"मंग थ्या पोरीचं काय झालं वं?"

"थेच तं आज समजते."

"लोहारानं नीट ठेवली असंन ना तिले?" ताईने पदराने डोळे टिपले. मला वाटलं, झालं, जमलं.

सिनेमा सुरू झाला. हत्ती आले, हिरो आला, शिट्ट्या झाल्या. ताई माझ्या कानाशी. "पोरगी कोठी हाय?" घोड्यावरून एक बाई आली. "हे का?" नाही, ती हिरॉईन. दागिन्यांनी मढलेली दुसरी आली. "मंग हे?" ती हिरोची मामी.

मध्यंतरात पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळली. "काकू, कोणती पोरगी वं? आमी तं पयला भाग दोनदा पायला."

मी पहिला भाग मनात पुन्हा लावून पाहिला. पहिल्या भागात मुलगी नव्हतीच. जळत्या महालात क्षणभर दोन पाळणे दिसतात, तेवढंच. दुसऱ्या भागात काय असेल याची भाकितं करणारे व्हिडिओ मी इतके पाहिले होते, की दुसऱ्या पाळण्यातली मुलगी माझ्या डोक्यात जन्मली. लोहार तर निव्वळ माझा.

"ताई, पोरगी नाही सिनेमात. दोन पाळणे होते, त्यावरून म्या धरली."

"दोन पाळणे हाय म्हून दोन लेकरं? माह्या घरी दोन पलंग हाय, दोन नवरे हाय काय?"

पुढची सगळी रांग हसली. उरलेला सिनेमा ताईने समोशात घालवला. माझंही लक्ष नव्हतं. एक तर ताई हातची गेली होती, शिवाय दिग्दर्शकाने मी ठरवलेलं काहीच केलं नव्हतं.

परतताना ऑटोत ताईने अचानक विचारलं, "तिसरा भाग येणार हाय काय?"

"तसंच दिसते."

"पाळणे दोनच होते ना? पक्कं?"

"पक्कं."

"मंग उगीच कोणी दुसरा पाळणा कायले ठेवंन?"

तेव्हापासून तिचे फोन येतात. मुलगी मामीनेच लपवून ठेवली, असं तिचं मत आहे. मी लोहाराची बाजू घेतली की चिडते. मागच्या खेपेला मी म्हटलं, ताई, आता एकदा पहिला भाग तं पाय.

"कायले?" ती म्हणाली. "तू सांगतला ना."