करदोड्याखालचा डाग

रहांगडाले डॉक्टर तापाच्या पेशंटला कधीच 'काय होतंय?' असं विचारत नसत. आधी साबणानं हात धुवायचे, मग तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, "कुठी गेला होतास बापा?"

देवरीकडच्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मला या चौकश्यांचा भारी राग यायचा. पेशंट तापानं फणफणतोय आणि हे विचारताहेत, गवत कुठलं कापलं, कोणाकडे पाहुणा गेला होतास, रात्री कुठं निजलास! मी फुलचूरची, अर्धी हिंदीत वाढलेली आणि तोंडाची फटकळ. एकदा म्हणालेच, "सर, ताप उतरवायचाय की सोयरीक जुळवायचीय?"

ते हसले. "ताप आंगात दिसते वो सिस्टर, पन येते कुठून तरी. त्याचं गाव इचारल्याबिगर त्याले हाकलाचं कसं?"

दुसरा हट्ट हात धुण्याचा. एका खाटेवरून दुसरीकडे निघाले की मागून आवाज यायचाच. "हात धू वो. या खाटेचा ताप त्या खाटेवर तूच नेशील, रिक्शात बसवून." मी फणकाऱ्यानं म्हणायची, "आणि भाडं कोण देईल?" पण हात धुवायची.

एका वर्षी धानकापणीच्या दिवसांत सुखराम नावाच्या तरुणाला त्याच्या आईनं आणलं. मलेरियाची तपासणी झाली, काही निघालं नाही. टायफॉइडची औषधं चालू होती, ताप हलेना. डोळे लालभडक, श्वास वर लागलेला, बरळायला लागला होता. नागपूरला पाठवावं तर वाटेत टिकेल असं वाटत नव्हतं. शेवटी त्याची आई डॉक्टरांसमोर हात जोडून उभी राहिली. "पोराले घरी नेतो जी. मरन यायचं तं आपल्या दारात येऊ दे."

"थांब माय. मले एक डाव पाहू दे," डॉक्टर म्हणाले आणि त्याला पुन्हा डोक्यापासून तपासायला बसले. पोटावर काळे डाग होते. ताप आला की आमच्याकडे बिब्बा गरम करून चटके देतात, त्यामुळे त्या डागांचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "माय, बिब्बा कुठी कुठी लावला? बोट ठेवून दाखव." तिनं एकेका डागावर बोट ठेवलं.

मग त्यांचा हात कमरेकडे गेला. तिथं घामानं भिजलेला काळा करदोडा आवळून बसला होता. मी सवयीनं खिशातून कैची काढली. म्हातारीनं माझं मनगटच धरलं. "जित्या पोराचा करदोडा तोडतेस का वो, सटवे?" मी चरकले. करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर, हे मलाही ठाऊक होतं.

"कैची ठेव वो," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तोडू नको. सरकव."

मी दोरा बोटानं सरकवला. खाली एक सुकलेली काळी खपली होती, भोवती लाल कडा. "हा बी बिब्ब्याचाच का माय?"

"नाही जी. इथं म्या नाही लावला."

डॉक्टरांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. गवतात राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या चाव्याची ती खूण. स्क्रब टायफस. त्यावरची साधी गोळी आमच्याच कपाटात होती, ती पाण्यात विरघळवून नळीवाटे पोटात गेली. दोन दिवसांत ताप उतरला आणि सुखरामनं पेज मागितली. म्हातारी डॉक्टरांच्या पाया पडायला लागली, तर हे मागे सरकत म्हणाले, "माह्या पाया कायले पडतेस? पेज थंडी होऊन राहिली, पाज त्याले." नंतर मला म्हणाले, "किडा बी मानसासारखाच वो, आडोसा पायते."

निवृत्त होऊन ते सौंदडला, आपल्या घरी गेले. धानकापणी आली की फोन करायचे. "ताप आले का वो?" जणू पाहुण्यांचीच चौकशी! आता मला कणकण आली की मुलगा दारातूनच विचारतो, "मम्मी, क्या हुआ?" चांगला पोरगा आहे. पण कोणीतरी खाटेच्या कडेला बसावं, गरम तळवा मनगटावर ठेवावा आणि 'कुठी गेली होतीस?' असं विचारावं, असं इतकं वाटतं की काय सांगू.

एका धानकापणीला फोन आला तो त्यांच्या घरून. झोपेतच गेले होते. मी सौंदडला पोचले तेव्हा अंगणात आंघोळ घालून झाली होती. एक म्हातारा त्यांच्या कमरेशी वाकला आणि म्हणाला, "कैची द्या वो कोनी."

नर्सच्या पर्समध्ये कैची असतेच. मी ती काढली, पुढे केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तोडू नका जी. सरकवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरांच्या बायको माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझ्या मुठीतली कैची हळूच सोडवून घेतली.