इओनच्या रायफलची नळी

सार्जंट नुआला ब्रेनन यांचं नाव सर्वांत आधी लिहितो. या देशात माझ्यावर सर्वांत जास्त उपकार त्यांचे आहेत.

मी आटपाडीचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला. डब्लिनजवळच्या मेनूथला एम.एस्सी. केली, सँडीफोर्डला नोकरी लागली, आणि कायद्याप्रमाणे पुरेशी वर्षं राहिल्यावर इथल्या राखीव सैन्यात भरती झालो. आठवडाभर ऑफिस, एका संध्याकाळी बॅरॅकमध्ये ट्रेनिंग, आणि काही शनिवार-रविवार विक्लोच्या डोंगरातली फायरिंग रेंज. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि मी बाहेर पडलो. मी लढाई पाहिलेली नाही. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

सार्जंट नुआला आमच्या वेपन इन्स्ट्रक्टर. त्या एरवी जंगल खात्यात नोकरी करत. हरणं नवीन लावलेली रोपं खाऊन टाकतात, म्हणून दर हंगामात परवान्याने त्यांची संख्या कमी करावी लागते. ते काम त्यांच्याकडे होतं.

प्लाटूनने पहिल्याच दिवशी माझ्या 'पाटील'चं 'पॅडी' केलं. पहिल्या फायरिंगला माझ्या एकाही गोळीने कागद गाठला नाही. सार्जंट माझ्या शेजारी चिखलात आडव्या झाल्या.

"पॅडी, टार्गेट घाईत नाहीये. तू का आहेस?"

"सॉरी, सार्जंट."

"सॉरी नको. श्वास अर्धा सोड, थांब, मग दाब."

पुढची गोळी कागदात गेली. "ग्रँड," त्या म्हणाल्या, आणि पलीकडच्या जवानाकडे सरकल्या. मी एवढा खूश एम.एस्सी.च्या निकालालाही झालो नव्हतो.

आमच्या रायफलमध्ये गोळ्यांचं मॅगझिन मुठीच्या मागे बसतं, त्यामुळे नळीही मागून सुरू होते. रायफल आखूड, पण नळी पूर्ण लांबीची. सार्जंट ते दाखवत असताना एकाने विचारलं, "सार्जंट, शिकारीला लांब नळी हवी ना? नेम चांगला लागतो."

"नेम नळी लावत नाही, तू लावतोस," त्या म्हणाल्या. "आणि तुझा नेम बघता नळी इथून डब्लिनपर्यंत नेली तरी भागणार नाही."

हशा थांबल्यावर त्यांनी नीट समजावलं. बार उडाला की जळणाऱ्या दारूचा वायू गोळीला ढकलतो. नळी लांब असेल तर ढकलायला जास्त वेळ मिळतो आणि वेग वाढतो. पण प्रत्येक इंचाचा फायदा आधीच्या इंचापेक्षा कमी. अचूकपणा ही निराळी गोष्ट. तो नळीच्या जाडीवर, बसणीवर आणि तोंडाच्या सफाईवर असतो. आखूड नळी उलट ताठ असते, कमी थरथरते. मी वर्गात अनेक हुशार प्राध्यापक ऐकले आहेत. इतकं स्वच्छ बोलणारे थोडेच.

त्यांचा धाकटा भाऊ इओन कायम सेवेतला सैनिक होता. परदेशात शांतिसेनेच्या कामावर असताना गाडी उलटून तो गेला. त्याची हरणाच्या शिकारीची रायफल घरी राहिली. चोवीस इंची नळी, अक्रोडाचा दस्ता. वडील टॉम यांनी आणि सार्जंटनी तिचे परवाने आपापल्या नावावर करून घेतले. टॉम ती दर रविवारी पुसत, पण इओन गेल्यापासून डोंगरावर गेले नव्हते. सार्जंट तीच रायफल कामाला वापरत.

एका शनिवारी दुपारी सार्जंटचा फोन आला. मोटारीने उडवलेलं एक नर हरीण जखमी होऊन स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या लागवडीत शिरलं होतं. पोलिसांनी त्यांना बोलावलं होतं, आणि मेलेलं हरीण ओढायला माणूस हवा होता. मी गेलो.

त्या लागवडीत झाडं इतकी दाट की माणूस वाकूनच चालतो. रायफलच्या टोकाला आवाज कमी करणारं मॉडरेटर, म्हणजे आणखी वीतभर लांबी. हरीण दिसलं. मागचा पाय मोडलेला. सार्जंटनी रायफल वळवली, मॉडरेटर फांदीला अडकलं, फांदी हलली आणि हरीण तीन पायांवर उठून आत गेलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. आम्ही रक्तामागे रांगत होतो आणि ते पुढे कण्हत होतं. शेवटी त्यांनी मॉडरेटर काढून माझ्या हातात दिलं आणि पोटावर सरपटत गेल्या. एकच गोळी.

मी पोहोचलो तेव्हा त्यांचा हात हरणाच्या मानेवर होता.

"पहिल्याच वेळी संपायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी नळी कापून घेणार."

संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा झाला. टॉमनी प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, बिस्किटांचा डबा काढला आणि नळीचं ऐकताच तसाच हातात धरून उभे राहिले.

"नाही."

"डॅड, सहा इंच फक्त."

"त्या नळीत त्याचा नेम आहे, नुआला. कापलीस तर काठी उरेल."

"आज ते जनावर माझ्यामुळे तडफडलं."

टॉमनी डबा टेबलावर ठेवला. मग सार्जंट माझ्याकडे वळल्या. "पॅडी, तू मास्टर्स केलंयस. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील."

मी त्यांनीच शिकवलेलं टॉमना सांगितलं. वेग थोडा कमी होईल. उघड्या डोंगरावर लांबच्या माऱ्यात ते जाणवेल, गोळी जास्त खाली पडेल. जंगलात जवळून मारताना हरणाला काही फरक कळणार नाही. नळीचं तोंड नीट केलं तर अचूकपणा जाणार नाही.

"शंभर मीटरवर मी स्वतः मारून बघणार," टॉम म्हणाले. "गोळ्या विखुरल्या तर रायफल पोलिसांत जमा. घरात नको मला ती."

सार्जंटनी होकार दिला. घरात इओनची हीच एक वस्तू रोजच्या वापरात होती. ती पणाला लावून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

बंदुकीच्या कारागिराने काम संपवेपर्यंत सार्जंटची परदेशी नेमणूक आली. इओन होता त्याच शांतिसेनेत. त्यांनी ती मागून घेतली होती. निघताना मला म्हणाल्या, "डॅडबरोबर तू जा. मदत करू नकोस, फक्त सोबत राहा."

टॉम रेंजवर आडवे झाले. तीन गोळ्या झाडल्या आणि रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहिलं. तिन्ही मधल्या वर्तुळाच्या बाहेर, खाली डावीकडे.

"झालं," ते म्हणाले, आणि रायफल पेटीत ठेवायला लागले.

फायरिंग बंद झाल्याचा पुकारा होताच मी टार्गेटकडे गेलो आणि कागद काढून त्यांच्यासमोर धरला. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली होती.

"टॉम, नळी कापल्यावर तुम्ही दुर्बीण नव्याने जुळवलीत?"

चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस, पण मुलाने जुळवून ठेवलेल्या दुर्बिणीला हात लावायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी अंगठा त्या भोकांवर ठेवला. तिन्ही झाकली गेली.

"तू फिरव," ते म्हणाले.

"तुम्हीच फिरवा."

त्यांनी दुर्बिणीच्या स्क्रूवरचं टोपण काढलं आणि सावकाश एकेक खटका मोजत स्क्रू फिरवला. पुढच्या तीन गोळ्या मधोमध, पुन्हा चिकटून. टॉमनी गाल दस्त्यावरून उचलला नाही. त्यांची पाठ हलत होती. मी दुसरीकडे पाहत उभा राहिलो.

त्या रात्री मी सार्जंटना पत्र लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं.

"सार्जंट,

रिपोर्ट देतो. सहा गोळ्या, शंभर मीटर, तीन-तीन भोकांचे दोन ग्रुप, दोन्ही टॉमच्या अंगठ्याखाली मावतात. रायफल घरीच राहणार.

परतताना टॉमनी गाडी डोंगराच्या पायथ्याशी, बांधातल्या फाटकापाशी थांबवली. 'इओन बारा वर्षांचा असताना याच फाटकावर बसून शिट्टी वाजवायचा आणि सगळी हरणं पळवून लावायचा,' म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मी इओनला कधी भेटलो नाही. आज तो कसा होता ते थोडं कळलं. मग टॉम उतरले आणि एकटेच डोंगर चढून गेले, रायफल गाडीत ठेवून. मी खाली थांबलो. तासाभराने उतरले तेव्हा बूट चिखलाने भरलेले होते. वर हरणांचे ताजे माग आहेत, असं त्यांनी सांगितलं.

तुम्हाला एक निरोप आहे. त्यांनी सांगितला तसाच लिहितो. 'नुआलाला म्हणावं, हंगाम चुकला तरी चालेल. रायफल वाट पाहील. मला वाट पाहणं तेवढं जमत नाही. तिने गाडीत सीटचा पट्टा लावावा.'

आपला,
पॅडी"