बसऱ्यात गेलेल्या हरिश्चंद्रासाठी लंडनला

लंडनला जायचं ठरलं ते जासईत, मामीच्या ओट्यावर. तिचा मुलगा हरिश्चंद्र, माझा मामेभाऊ, इराक युद्धाच्या वेळी बसऱ्यातल्या ब्रिटिश छावणीत लाँड्रीला होता. ठेकेदाराने नेलेला. एका सकाळी छावणीवर रॉकेट पडलं आणि तो गेला. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टीव्हीवर दिसले की मामी अजून शिव्या घालते.

मी रबाळ्याच्या कंपनीतून रजा काढून इंग्लंड बघायला निघालेय, हे कळल्यावर ती म्हणाली, "जिथशी हुकूम सुटला ना बाय, तो गाव मना बगाचा हाय."

मामांनाही येता का विचारलं. ते नको म्हणाले. हरीबद्दल ते कधी बोलतच नाहीत.

व्हिसासाठी भरपूर आधी अर्ज करा, आम्ही शेवटपर्यंत टेन्शनमध्ये होतो. राहिलो हाउन्स्लोला, एका पंजाबी बाईंकडे. विमानतळ जवळ आणि गरम डाळभात मिळतो. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं.

दुसऱ्या दिवशी पार्लमेंट. सुट्टी नसेल तर प्रेक्षक गॅलरीत कुणालाही फुकट बसता येतं, फक्त रांग आणि तपासणी सोसावी लागते. काचेमागे बसून मामीने खाली पाहिलं. हिरवी बाकं निम्मी रिकामी होती. तिने कानात विचारलं, युद्ध ठरलं त्या वेळीही अशीच रिकामी होती का? मी वाचलेलं सांगितलं. तेव्हा सभागृह भरलेलं होतं. बऱ्याच जणांनी विरोध केला, काही मंत्र्यांनी राजीनामे दिले, रस्त्यावर लाखो माणसं उतरली. पण मतं मोजली तेव्हा युद्धाची बाजू जिंकली.

मामीने बाकांवरून पुन्हा नजर फिरवली. मग म्हणाली, "एवऱ्या जनांनी ठरवला? मी आपली एकालाच शिव्या देत बसले."

बाहेर आल्यावर नदीच्या कडेने हळूहळू इराक-अफगाणिस्तानच्या स्मारकापर्यंत गेलो. दोन मोठे दगड, मधे ब्राँझची चकती. त्यावर कुणाचंच नाव नाही, हे मी तिला घरीच सांगितलं होतं. तरी तिने दोन्ही दगडांभोवती फेरी मारली, हात फिरवून पाहिला.

बाकावर काठी घेतलेला एक गोरा गृहस्थ होता. कुठून आलात, असं त्याने विचारलं. मी गाव सांगितलं, हरीचंही सांगितलं. तो बसऱ्यात सैनिक होता. लाँड्रीतली भारतीय पोरं त्याला आठवत होती; त्यांनी धुतलेले कपडे घालून आम्ही गस्तीवर जायचो, म्हणाला. नावं मात्र कधी विचारली नाहीत. मग त्याने मामीकडे वळून हरीचं नाव विचारलं.

"हरिश्चंद्र," मामी म्हणाली.

त्याला ते जमेना. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, तोडून तोडून. तिसऱ्यांदा त्याने नीट म्हटलं आणि टोपी काढली. मामी तिथेच रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढचे दिवस आम्ही बाकीचं लंडन पाहिलं. फोटो आहेत, पण त्यातलं फारसं काही आठवत नाही.

उलव्याला घरी माझी बॅग टाकून मामीला जासईला सोडायला गेले. कंटेनरच्या ट्रकांमुळे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मामा दारातच उभे होते. पाणीसुद्धा न देता त्यांनी विचारलं, "तिथं कोनी इचारला त्याला?"

"एकानं नाव इचारला," मामी म्हणाली.

"नीट घेतला?"

"घेतला."

मामांनी मान हलवली, बॅग उचलली आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला. ते हरीचं नाव घेत होते.