बाबाच्या कॅमेऱ्याचा अटकलेला टायमर

मित्रहो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाई, म्हणून इथी लिहून राह्यलो.

माझे बाबा मूल गावचे फोटोग्राफर. अख्ख्या तालुक्याच्या लग्नाचे फोटो त्यायनं काढले, पण स्वतः एकाही फोटोत नाईत. एका पोळ्याले त्यायनं कॅमेऱ्याचा टायमर लावला, "हालू नका, आलोच मी," म्हणत आईजवळ येऊन बसले, अन् टायमर मधातच अटकला. "दुरुस्त करून मंग काढू," म्हणाले. पुढच्या पोळ्याले बाबाच नव्हते.

आज दुरुस्तीचा व्हिडिओ पाहून कॅमेऱ्याचे समोरचे स्क्रू खोलले, वाळलेल्या ग्रीसवर सुईनं पेट्रोलचा थेंब सोडला. आत तोच जुना रोल होता, म्हणून मागचं झाकण उघडलं नाई. काहीच हाललं नाई. कॅमेरा टेबलावर ठेवून मी चहा प्यायले बसलो.

अन् तो आपोआप घरघरू लागला. तेव्हाचा उरलेला टायमर सुरू झाला होता.

समोर आई तांदूळ निवडत होती. तिनं पदर सावरला, जराशी सरकली, बाजूले एका माणसाची जागा केली अन् कॅमेऱ्याकडे पाहत राह्यली.

खट्ट.

रोल धुवायले देऊ का नको, तुम्हीच सांगा. आई तवापासून एकच विचारून राह्यली, "ते नीट आले ना रे फोटोत?"