गिटारच्या वेळचं पाणी

हार्ड रॉक बँडच्या गायकाला काय यावं लागतं, असं कुणालाही विचारा. ओरडता आलं पाहिजे, हेच उत्तर मिळेल. माझ्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "एवढंच असेल तर आमच्या आळीतले भाजीवाले काय वाईट होते?" मी तेव्हा मनापासून हसले, कारण माझंही मत फारसं वेगळं नव्हतं. पुढे काही वर्षं नवऱ्याच्याच बँडच्या मिक्सरमागे बसून तिथल्या गायकाला ऐकलं आणि मला मत बदलावं लागलं. मत बदलायला मला आवडत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

नवरा आणि मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून इंदूरला आलो. तो विजय नगरमधल्या एका आयटी कंपनीत आहे, मी एका खाजगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. नवऱ्याला विद्यार्थिदशेपासून गिटारचं वेड. इथे त्याला एक ड्रमवाला, एक बेसवाला आणि हा गायक भेटला आणि आमचे रविवार गेले. एकदा मी त्यांच्या प्रॅक्टिसला नुसती बघायला म्हणून गेले. स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज येत होता आणि ते चौघे त्या स्पीकरकडे आजारी गाईकडे बघावं तसे बघत उभे होते. मी एक वायर काढून दुसरीकडे लावली. घूं थांबली आणि मी त्यांची कायमची साउंडवाली झाले. मी मिक्सर चालवते म्हटलं की नातेवाइकांना अजून चटणीच आठवते.

या मिक्सरवर प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक माइक वेगळा येतो. मी सगळ्यांना कमी-जास्त करून एकत्र बाहेर सोडते. लोकांना शिजलेली भाजी मिळते. मला मात्र हेडफोन लावला की त्यातला प्रत्येक जिन्नस सुटा चाखता येतो.

गायक इंदूरचाच मराठी. त्याचे पणजोबा इथल्या मिलमध्ये कारकून म्हणून आले होते. केस खांद्यापर्यंत, दंडावर कसलंसं अक्राळविक्राळ चित्र, आणि दिवसा एका शाळेत पीटीचा सर. शाळेत तो कधीही ओरडत नसे. शिट्टी आणि टाळी, एवढ्यावर सगळं मैदान हाकायचा. "गळा एकच आहे ना वहिनी, संडेसाठी बचवून ठेवतो," असं म्हणायचा. मी वहिनी आणि माझा नवरा भिया, म्हणजे इंदुरी भाऊ. पोह्यांवर जिरावणाचा तिखट मसाला घ्यायचा नाही, लोणचं खायचा नाही. इंदुरात जन्मून पोह्यांवर जिरावण न घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याचा पहिला खरा गुण मला इंदूरजवळच्या देपालपूरला दिसला. तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाने हट्टाने आपल्या साखरपुड्याला या बँडला बोलावलं होतं. समोरच्या सगळ्या खुर्च्यांवर घरातली वडीलधारी मंडळी पागोटी-पदर सावरून बसलेली. आता चपला येतात की दगड, एवढंच मी बघत होते. हा पठ्ठ्या स्टेजवरून खाली उतरला, प्रत्येकाच्या पाया पडला, माळवी बोलीत त्यांच्याशी शेताच्या आणि मंडईच्या भावाच्या गप्पा मारल्या आणि मग खिशातून कापसाचं पुडकं काढून एकेकाला बोळे वाटले. आवाज जरा जास्त होईल, कानात घालून ठेवा, नातवासाठी एवढं करा, म्हणाला. मंडळी कानात कापूस घालून शेवटपर्यंत बसली. एक आत्याबाई तर शेवटी नाचल्या.

आता एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. स्टेजवर प्रत्येकाच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड केलेला एक छोटा स्पीकर असतो. त्याला मॉनिटर म्हणतात. मोठे स्पीकर लोकांसाठी. गोंगाटात आपण काय वाजवतोय ते वाजवणाऱ्याला कळतं ते या मॉनिटरमधून. कुणाला काय ऐकायचं ते तो सांगतो आणि मी तेवढंच त्याच्या मॉनिटरमध्ये सोडते. बेसवाला ड्रम मागायचा, ड्रमवाला बेस. गायक सगळ्यांचं थोडं थोडं मागायचा. आणि माझा नवरा फक्त स्वतःला मागायचा. "गाणं मला पाठ आहे, त्याचा आवाज घेऊन मी काय करू?" संसारातही त्याचं धोरण साधारण हेच असल्यामुळे मला नवल वाटलं नाही.

मग नवऱ्याला अपघात झाला. ऑफिसातून येताना एका वळणावर रेतीत स्कूटर घसरली. बाकी खरचटण्यावर निभावलं, पण डाव्या हाताची अनामिका जायबंदी झाली. ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं, व्यायाम झाले, पण बोट पूर्वीसारखं वाकेना. गिटारच्या तारा दाबायच्या त्या डाव्याच हाताने. घरात गिटार भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नवरा ऑफिसला जायचा, यायचा, पुढे वाढलेलं जेवायचा. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचा नाही. लग्नापासून ज्याच्याशी मी भांडत आले तो माणूस भांडेनासा झाला, तेव्हा मी खरोखर घाबरले.

काही महिन्यांनी त्याने गिटार उचलली. सगळ्या गाण्यांत मध्ये एक जलद तुकडा असतो, त्यात गाणं थांबतं आणि गिटार एकटी पळते. प्रॅक्टिसला तो तुकडा अडखळायचा. "स्टेजवर हात गरम झाला की येईल," नवरा म्हणायचा. आणि नवल म्हणजे स्टेजवर तो यायचा! लोक येऊन त्याचा हात हातात घ्यायचे. त्यांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ तो पुन्हा पुन्हा लावायचा, त्यातही तुकडा अखंड. पहिल्या कार्यक्रमानंतर घरी आल्यावर तो वरणावरून माझ्याशी कडाडून भांडला. मी आत जाऊन आनंदाने रडून घेतलं.

पुढच्या एका कार्यक्रमात सहज म्हणून मी तो तुकडा चालू असताना हेडफोनमध्ये एकटी गिटार ऐकली. दात पडलेल्या फणीसारखी होती. सूर यायचे, मध्येच गळायचे, पुन्हा यायचे. हेडफोन काढला तर बाहेर सगळं भरलेलं. मॉनिटरमधले गळके सूर नवरा स्टेजवरच्या गोंगाटावर ढकलत असणार, त्याचा विश्वास व्हिडिओंवर होता. मी एकेक आवाज सुटा करून ऐकत गेले आणि गायकाच्या माइकवर थांबले. शब्द नव्हते. घासून, खरवडून काढलेला नुसता आऽऽ, पण गिटारच्याच सुरात, गिटारच्याच वळणांनी, तिच्याइतकाच जलद. कुठला सूर गळणार ते आधी कळत नाही, म्हणून तो अख्खा तुकडाच गात होता.

पूर्वी गिटारची वेळ आली की तो बाजूला व्हायचा आणि बाटली उघडून पाणी प्यायचा. तेवढीच त्याच्या गळ्याला सुट्टी. आता ती बाटली ड्रमपाशी भरलेली तशीच राहायची, आणि हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे मूठ माझ्या नवऱ्याची होती आणि झाकत होता दुसराच.

बरं, याचं फळ काय? लोक म्हणायला लागले, गिटार एक नंबर, पण तो गायक मध्ये मध्ये कशाला केकाटतो? आणि ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं. नवरा घरी येऊन कुरकुरायचा, "हल्ली फार पुढे पुढे करतो तो. माझा तुकडा आला की याला कंठ फुटतो. तू सांग त्याला, माझं ऐकत नाही." मी पोळ्या लाटत राहायचे.

शेवटी एका दुपारी मी गायकाच्या शाळेपाशी गेले. टपरीवर मी चहा घेतला, त्याने गरम पाणी मागितलं. मी सरळ विचारलं. तो आधी हसला, मग ग्लासात बघत म्हणाला, "तुम्हाला तर सगळं सुनाई देतं वहिनी, तुमच्यापासून काय छुपवणार? भियाची उंगली अभी नवीन आहे. टाइम लागेल. तोपर्यंत मी जरा सांभाळून घेतो, और काय."

"आणि लोक तुला नावं ठेवतात ते?"

"ते तर पहले पण ठेवायचे."

"आणि गळा?"

"गळ्याला काय होतंय? भियाला नका सांगू पण. तो गिटार ठेवून देईल." आणि मग अगदी सहज म्हणाला, "उंगली ठीक झाली की मी पाणी पिईन ना."

मी त्याच्यावर चिडले. एवढं चांगलं असू नये माणसाने, असं काहीतरी बोलले. खरं तर मला त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं.

बोट काही सुधारलं नाही. गळा मात्र बिघडला. सिमरोलकडच्या एका कॉलेजच्या कार्यक्रमाबद्दल बोलायला त्याचा फोन आला आणि मी आवाज ओळखला नाही. नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, असंच चालू ठेवलंस तर हा आवाज परत येणार नाही. "हा शो होऊन जाऊ दे वहिनी, मग बघू," तो म्हणाला.

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. नवऱ्याला सांगितलं तर गिटार पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि तो पुन्हा मुकाट जेवणार. नाही सांगितलं तर एका माणसाचा आवाज जाणार. मला सर्किटं शिकवता येतात. काही सांगण्यापेक्षा वायर जोडणं मला नेहमीच सोपं गेलंय.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मोकळ्या मैदानात आवाजाची तपासणी चालू होती. खुर्च्या लागत होत्या, कुंपणापलीकडून ट्रॅक्टर जात होते. प्रॅक्टिसला नाही, पण स्टेजवर चढला की गायक तपासणीतही तो तुकडा सोडत नसे. संध्याकाळी गर्दीसमोर हे करणं बरं नव्हतं, करायचं तर आत्ताच. त्यांनी एक गाणं अर्धं वाजवलं. जलद तुकडा जवळ आला तसं मी नवऱ्याच्या मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज सोडला. थोडाथोडका नाही, चांगला भरभरून.

नवऱ्याची मान एकदम खाली मॉनिटरकडे गेली. हात थांबला.

तुकडा मात्र थांबला नाही. गायकाचे डोळे मिटलेले होते, त्याला काही कळलं नव्हतं. गिटार गप्प होती आणि माझ्या नवऱ्याचा तो तुकडा, त्याच्या सगळ्या हेलकाव्यांसकट, फाटक्या गळ्यातून पुढे चालला होता. बेसवाला थांबला, मग ड्रमवाला. तरी तो एकटा थोडा वेळ गात राहिला. मग त्याने डोळे उघडले.

नवऱ्याने मैदानाच्या टोकाला बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली नाही. आता तो गिटार उतरवून ठेवेल आणि चालायला लागेल, असं मला वाटलं. तो ड्रमपाशी गेला. तिथली बाटली उचलली, झाकण उघडलं आणि गायकापुढे धरली.

"पाणी पी." माइक चालू होता म्हणून मला ऐकू आलं.

"भिया, वो तर मी ऐसेच..."

"आधी पाणी पी."

कार्यक्रमापूर्वी नवरा माझ्या टेबलापाशी आला. भांडेल म्हणून मी तयारीत होते. तो मिक्सरकडे बघत म्हणाला, "माझ्या मॉनिटरमध्ये गिटार जरा कमी कर."

"आणि त्याचा आवाज? काढू?"

"नको. तो राहू दे."

संध्याकाळी त्याने तो तुकडा निम्म्या सुरांत वाजवला. जेवढे बोटाला झेपतील तेवढेच, सावकाश. दोनदा अडखळला, आणि अडखळलेलं अख्ख्या मैदानाला ऐकू आलं. गायक बाजूला उभा राहून पाणी पीत होता. दर वेळी गिटार अडखळली की त्याच्या हातातली बाटली थबकायची. पण त्याने तोंड उघडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते. एक विद्यार्थी नवऱ्यापाशी येऊन जरा संकोचून म्हणाला, "सर, आज गिटार थोड़ी कम लगी."

"हाँ, उँगली अब इतनी ही चलती है," नवरा म्हणाला. मग त्या मुलाचा हात धरून त्याला गायकाकडे वळवलं. "पर इसको सुना क्या तूने? इसको सुन. मैंने भी आज ही सुना है."