हरण्याच्या वाटच्या पोळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. पण यंदाच्या पोळ्याला माझाच मला असा संताप आला, की आता गप्प बसवत नाही.

बऱ्याच वर्षांमागं मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आमचा बैल, हरण्या, केजच्या रस्त्याला सोसायटीच्या चारा छावणीत होता. आई मेलेलं वासरू ते. सुमननं, माझ्या बायकोनं, बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. घरात डाळ-गूळ जेमतेम. पोळ्याला तिनं पाचच पुरणपोळ्या केल्या आणि नवाच नेम काढला — "औंदा समद्या हरण्याला. आपुन भाकरी खाऊ." पोरं रडली, तरी एक तुकडा दिला नाही.

पोळ्या घेऊन मी छावणीत गेलो. तिथं सोसायटीच्या चेअरमननं स्वतःचा बैल मिरवायला आणलेला. झूल, बाशिंग, तुकतुकीत अंग — दुष्काळ त्याला ठाऊक तरी होता का? छावणीवर मुकादम नेमणार होते, आणि मला ती जागा हवी होती. मग काय केलं मी? चारचौघांत पुढं झालो आणि सुमनच्या पोळ्या त्या बैलापुढं धरल्या. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही! चेअरमन पाठ करून फोनवर बोलत होता, त्यानं पाहिलंसुद्धा नाही. बैलानं दोन खाल्ल्या, बाकीच्या हुंगून शेणात पाडल्या. आणि हरण्या — चार हातांवर दावं ताणून हंबरत होता. मी त्याच्याकडं न बघता निघालो.

मुकादमाची जागा काही मिळाली नाही; चेअरमनला पुढं कैक वर्षं शिव्या घातल्या. त्याचा काय दोष? लाळघोटा मी होतो.

सुमन दारातच उभी. "खाल्ल्या का हो त्यानं?"

"समद्या," मी म्हणालो.

पुढं हरण्या छावणीतच मेला. सुमन दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "पोळ्याला तरी माझ्या हातचं पोटभर खाल्लं त्यानं." त्या एका गोष्टीवर ती सावरली — आणि ती गोष्ट खोटी होती.

आता दारात ट्रॅक्टर आहे, बैल नाही. तरी दर पोळ्याला ती पाच पोळ्या शेजाऱ्याच्या बैलाला चारते, मगच घर जेवतं. नातवंडांना हरण्याची गोष्ट सांगते. यंदा धाकट्या नातीनं मला विचारलं, "आबा, खरंच समद्या खाल्ल्या त्यानं?"

सुमन माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणालो.